स्किल लावलं तरी एआय रिव्ह्यूत तोच बग सुटतो: कुठे पाहायचं, काय बदलायचं

लक्षण असं. कोड रिव्ह्यूसाठी, म्हणजे लिहिलेला कोड तपासण्यासाठी, एआय सहाय्यकाला स्किल (कामाच्या लेखी सूचना) लिहून दिलेलं आहे. रिव्ह्यू येतो, भाषा नेटकी असते, सूचना वीस-पंचवीस असतात. पण महिनाभरापूर्वी दुरुस्त केलेला बग त्याच बदलात नव्या जागी परत आलेला असतो आणि त्याबद्दल रिव्ह्यूत एक ओळही नसते. आमच्याकडे एका हंगामात एकच बग तीनदा आला. तिसऱ्या वेळी हात धुऊन त्याच्या मागे लागलो. त्यातून जे सापडलं ते सगळं इथे लिहितो आहे.

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात बसून मी आणि माझा चुलतभाऊ वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लिहितो. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, भाव, पावती आणि कास्तकाराची हिशोबपट्टी. काम एवढंच, पण पावतीवरचा एक आकडा चुकला तर माणूस वीस किलोमीटरवरून परत येतो.

पहिला बग डिसेंबरातला. कापसाच्या गाड्या आदल्या रात्रीपासून रांगेत होत्या, म्हणून काटा त्या दिवशी पहाटे पावणेपाचला सुरू झाला. पाच वाजता काटेवाल्याचा फोन: "भाऊ, पावतीवर कालची तारीख काहून येऊन राहिली?" मला आधी वाटलं, कॉम्प्युटरचं घड्याळ मागे असेल. घड्याळ बरोबर होतं. साडेपाचनंतरच्या पावत्याही बरोबर होत्या. तिथेच उत्तर होतं. जावास्क्रिप्टमध्ये आम्ही तारीख काढायला टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरलं होतं आणि त्यातली पहिली दहा अक्षरं घेतली होती. ते फंक्शन वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देतं. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत यूटीसीत अजून कालचाच दिवस चालू असतो. दिवसा काम करणाऱ्या प्रोग्रामरच्या नजरेला हा बग पडतच नाही. रात्रभर थंडीत ट्रॅक्टरवर काढलेल्या माणसाच्या पावतीवर मात्र तो पडतो आणि त्या दिवसाच्या रजिस्टरशी त्याची गाडी जुळत नाही.

दुरुस्त केलं. स्किलमध्ये ओळ घातली: "तारीख आणि वेळ नीट हाताळली आहे का ते तपास." दोन आठवड्यांनी दैनिक अहवालात तोच बग. तीही जागा दुरुस्त केली. फेब्रुवारीत तुरीच्या खरेदीचं मॉड्यूल लिहिलं, त्यात पुन्हा. दोन्ही वेळा नवा कोड एआयकडूनच लिहून घेतला होता आणि रिव्ह्यूही त्याच्याकडूनच करून घेतला होता.

आधी हे पाहा: स्किल उघडलं तरी होतं का?

आम्ही आठवडाभर स्किलमधले शब्द बदलत बसलो. त्यातले चार दिवस स्किल वाचलंच जात नव्हतं. म्हणून सुरुवात इथून करा.

स्किल म्हणजे एक फोल्डर. त्यात स्किल.एमडी नावाची फाईल असते, त्यातलं "स्किल" कॅपिटल अक्षरांत. फाईलीच्या डोक्यावर दोन गोष्टी लागतात: नाव आणि वर्णन. ही रचना अँथ्रोपिक या एआय कंपनीने ऑक्टोबर 2025 मध्ये आणली आणि त्याच डिसेंबरात खुलं मानक म्हणून जाहीर केली. मुद्दा असा की सत्र सुरू होताना सहाय्यकाला सगळ्या स्किल्सची फक्त नावं आणि वर्णनं दिसतात. आतला मजकूर तो तेव्हाच उघडतो, जेव्हा वर्णन वाचून त्याला वाटतं की हातातल्या कामाला हे लागेल. आत तुम्ही कितीही चांगलं लिहा, वर्णन मोघम असेल तर ते पान उलटलंच जात नाही.

आमचं वर्णन होतं: "कोडची गुणवत्ता सुधारायला मदत करते." यावरून कोणाला काय कळणार? आता ते असं आहे: "काटा, ओलावा, भाव, हिशोबपट्टी किंवा शेतकरी नोंदणीच्या कोडमध्ये बदल झाला की वापर. रिव्ह्यू कर, डिफ बघ, कमिटआधी तपास, नजर टाक, पाहून घे असं म्हटलं तरी वापर." (डिफ म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, कमिट म्हणजे बदल पक्का नोंदवणं.) वर्णनाला 1024 अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे जागा भरपूर आहे. आपण रोज ज्या शब्दांत काम सांगतो तेच शब्द त्यात घाला. माझा भाऊ कधीच "रिव्ह्यू कर" म्हणत नाही, तो "जरा पाहून घे" म्हणतो. त्याच्याकडे स्किल लागत नव्हतं आणि माझ्याकडे लागत होतं, त्याचं एक कारण हेच निघालं.

दुसरं कारण आणखी साधं होतं. स्किल माझ्या मशीनवरच्या होम फोल्डरमध्ये होतं, प्रोजेक्टमध्ये नव्हतं. होम फोल्डरमधलं स्किल फक्त त्या मशीनपुरतं असतं. क्लॉड कोड या अँथ्रोपिकच्या कोडिंग सहाय्यकात ते प्रोजेक्टच्या आत, डॉट-क्लॉड फोल्डरमधल्या स्किल्समध्ये ठेवून गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट केलं की दोघांकडे एकच राहतं. तिसरी खोच वायएएमएलची, म्हणजे फाईलीच्या डोक्यावरचा भाग ज्या पद्धतीने लिहितात तिची. वर्णनात मी मध्येच विसर्गासारखी दोन टिंबं आणि पुढे स्पेस दिली होती, अवतरणचिन्हं दिली नव्हती. वायएएमएल ती टिंबं वेगळ्या अर्थाने घेतं आणि डोक्याचा भाग मोडतो. वर्णन अवतरणचिन्हांत टाका, प्रश्न मिटला.

स्किल उघडलं की नाही हे कळायला आमचा उपाय: स्किलच्या मजकुरात पहिलीच सूचना अशी ठेवा की रिव्ह्यूची सुरुवात "काटा-तपासणी, आवृत्ती 6" या ओळीने कर. ती ओळ नसेल तर पुढचा रिव्ह्यू वाचायचा नाही, आधी वर्णन दुरुस्त करायचं. आवृत्तीचा आकडा जुना दिसला तर कोणाच्या तरी मशीनवर जुनी प्रत आहे, हेही लगेच समजतं.

उघडलं होतं, तरीही सुटलं

इथे खरी मेहनत आहे. आमचं स्किल वाढत वाढत 840 ओळींचं झालं होतं. प्रत्येक बगनंतर एक ओळ, वर इकडून तिकडून घेतलेल्या याद्या: चलांची नावं अर्थपूर्ण ठेवा, फंक्शन लहान ठेवा, एसक्यूएल इंजेक्शन टाळा. हे सगळं सहाय्यकाला आधीच माहीत असतं. ते पुन्हा सांगितल्याने तो तेच शोधत बसतो आणि त्याच वीस सूचना देतो. पहाटेच्या तारखेची आमची एक ओळ त्या गर्दीत कुठेतरी सातशेव्या जागी होती. मजकूर 500 ओळींच्या आत ठेवावा अशी अधिकृत शिफारस आहे. आम्ही 110 वर आणलं आणि कापताना एकच प्रश्न विचारला: ही गोष्ट आमच्या काट्यावर न येता कोणाला कळली असती का? कळली असती, तर ओळ काढली.

उरलं ते असं. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत हमीभाव 8 टक्के ओलाव्याला पूर्ण मिळतो. त्यापुढे दर टक्क्याला भाव एक टक्क्याने उतरतो आणि 12 टक्क्यांपर्यंतच कापूस घेतात. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव 8110 रुपये क्विंटल. 10 टक्के ओलावा भरला तर 7947.80 रुपये. आमच्या कोडमध्ये एका जागी "12 पेक्षा कमी" लिहिलं होतं, म्हणजे बरोबर 12 भरलेली गाडी नाकारली गेली असती. रिव्ह्यूने त्या ओळीला "स्पष्ट आणि वाचनीय" म्हटलं होतं. त्याचं काय चुकलं? 12 चालतं हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. कोड स्वच्छ आहे की नाही ते त्याला दिसतं. कोड खरा आहे की नाही हे आपल्या धंद्याच्या नियमाशिवाय कोणालाच दिसत नाही, आणि तो नियम आपल्याच डोक्यात असतो.

म्हणून नियमांची वेगळी फाईल केली आणि ती स्किलच्या फोल्डरमध्येच ठेवली. भावाच्या कोडला हात लागला की ती उघड, एवढंच मुख्य फाईलीत लिहिलं. प्रत्येक नियमाला एक सोडवलेलं उदाहरण जोडलं. उदाहरणार्थ: 23 क्विंटल 45 किलो, ओलावा 10, भाव 7947.80, रक्कम 1,86,375.91 रुपये. आधी भावच रुपयात पूर्ण करून 7948 धरला तर रक्कम 1,86,380.60 येते. फरक 4.69 रुपयांचा. नुसतं "पूर्णांकन शेवटी कर" म्हटलं तर सहाय्यक मान डोलावतो. हे दोन आकडे समोर ठेवले की तो कोड त्या आकड्यांवर चालवून पाहतो आणि कुठली ओळ चुकीच्या रकमेकडे जाते ते सांगतो. रक्कम पैशांत आणि वजन किलोत, दोन्ही पूर्णांकांत साठवायचं हेही तिथेच लिहिलं आहे. दशांशात 0.1 आणि 0.2 ची बेरीज कॉम्प्युटर 0.30000000000000004 करतो, आणि हंगामाच्या शेवटी एकूण बेरजेत ते कुठेतरी डोकं वर काढतं.

प्रश्न विचारू नका, काम सांगा

"तारीख नीट हाताळली आहे का ते तपास" या ओळीला उत्तर काय येतं? "हो, तारीख नीट हाताळली आहे." आम्हाला दोन्ही वेळा हेच उत्तर आलं होतं. विचारलेल्या प्रश्नातच होकार दडलेला होता.

ती ओळ आता अशी आहे: "बदललेल्या प्रत्येक फाईलमध्ये जिथे तारीख तयार होते ती प्रत्येक जागा शोध. फाईल आणि ओळ क्रमांक लिही. हा कोड भारतात पहाटे 4.45 ला चालला तर कोणती तारीख छापेल ते प्रत्येक जागेपुढे लिही. एकही जागा नसेल तर 'जागा 0' असं लिही." यात हो म्हणून सुटायची वाट नाही. आकडा द्यावा लागतो आणि तो आपल्याला पडताळता येतो. हाच बदल सगळ्यात मोठा ठरला. नंतर स्किलमधली प्रत्येक ओळ आम्ही याच साच्यात बसवली: शोध, मोज, ओळ दाखव, या इनपुटला काय होईल ते लिही.

चुका शोधायला याद्या करणं जुनं आहे. आयबीएममध्ये मायकेल फॅगन यांनी 1976 मध्ये कोड तपासणीची शिस्तबद्ध पद्धत मांडली. त्यातही वारंवार सापडणाऱ्या चुकांची यादी तपासणाऱ्याच्या हाती द्यायची, ही गोष्ट होती. यादी आपल्याच चुकांची असेल तर ती धारदार राहते.

जे मशीन पकडू शकतं ते एआयवर सोडू नका

एआयचा रिव्ह्यू दरवेळी तंतोतंत सारखा येत नाही. एकाच बदलावर तीनदा चालवला तर दोनदा बग सापडतो आणि एकदा सुटतो, असं होतं. जी गोष्ट शंभरपैकी शंभर वेळा पकडली गेली पाहिजे ती त्याच्या भरवशावर ठेवणं चूक आहे. टू-आयएसओ-स्ट्रिंग थेट वापरायला आम्ही ईएसलिंट या लिंटरमध्ये, म्हणजे ठरलेल्या नियमांनी कोड आपोआप तपासणाऱ्या साधनात, बंदी घातली. त्या शब्दाचा कोड कमिटच होत नाही. आणि एक टेस्ट लिहिली: घड्याळ आदल्या दिवशीच्या यूटीसी 23.15 वर थांबवायचं, म्हणजे आपल्या पहाटेचे 4.45, आणि पावती छापायची. तारीख आजची आली पाहिजे. त्या दिवसापासून तारखेचा बग आलेला नाही.

मग स्किलचं काम काय उरलं? जिथे समज लागते ते. त्यातलं एक उदाहरण देतो, कारण विदर्भात शेतकऱ्यांच्या याद्या हाताळणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटणार आहे.

नोंदणीत "वऱ्हाडे" आडनाव शोधलं, सापडलं नाही. यादीत डोळ्यांना दिसत होतं. काटेवाल्याने नवी नोंद केली आणि एकाच कास्तकाराची दोन खाती झाली, अर्धे पैसे एकात आणि अर्धे दुसऱ्यात. कारण शोधायला मला एक पूर्ण दिवस लागला. ती आडवी रफारासारखी खूण दोन प्रकारे टाईप होते. एका कीबोर्डवर ती ऱ या वेगळ्या अक्षराला हलन्त जोडून येते: वऱ्हाडे. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह, झीरो-विड्थ जॉइनर: वर्‍हाडे. पडद्यावर दोन्ही एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं (अक्षरांच्या संगणकीय मानकाचं) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं, लावलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, तुलना करण्याआधी बदल स्वतः करावा लागतो. "शेतकऱ्यांची यादी" या शीर्षकातसुद्धा हीच खूण आहे, म्हणजे एक्सेलमधला रकाना नावाने शोधणारा कोडही याच दगडाला ठेचाळतो. तसंच आकड्यांचं. कोणी वजन १२ असं मराठी आकड्यांत टाईप केलं तर पायथन ते बारा म्हणून घेतं, जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन मात्र एनएएन, म्हणजे "हा आकडा नाही", असं देतं.

हे स्किलमध्ये उदाहरणासकट लिहिलं. पुढच्याच महिन्यात मोबाईल ॲपमध्ये गावाच्या नावाने शोध टाकताना रिव्ह्यूने आपण होऊन विचारलं की इथे नाव तुलनेआधी एकरूप केलेलं दिसत नाही, हे मुद्दाम आहे का. लिंटरला हे कधीच जमलं नसतं, कारण तो कोड नव्या भाषेत आणि नव्या नावांनी लिहिलेला होता. स्किलवर घालवलेला वेळ मला त्या दिवशी भरून पावला.

अर्धवट रिव्ह्यू पूर्ण वाटतो

हे आपल्याकडचं खास दुखणं. दुपारी वीज जाते, राऊटर बंद पडतो, किंवा मोबाईलचं नेटवर्क एका कांडीवर येतं. रिव्ह्यू सात फायलींपैकी चौथीवर तुटतो. पुन्हा जोडल्यावर सहाय्यक उरलेलं थोडक्यात आटोपतो किंवा आपणच वरची पानं वाचून समाधान मानतो. तुरीच्या मॉड्यूलमध्ये चूक पाचव्या फाईलीत होती.

उपाय दोन. एक, रिव्ह्यूच्या शेवटी "पाहिलेल्या फायली 7 पैकी 7" ही ओळ सक्तीची करा आणि फायलींची संख्या गिटकडून घ्यायला सांगा, अंदाजाने नाही. दोन, प्रत्येक फाईल झाली की निष्कर्ष लगेच एका फाईलीत लिहून ठेवायला सांगा. वीज आली की उरलेल्यापासून पुढे. मोठा बदल असेल तर आम्ही तो आधीच दोन-तीनशे ओळींच्या तुकड्यांत तोडतो, म्हणजे दोन वीजकपातींच्या मधल्या वेळात एक तुकडा पुरता होतो.

आणि ज्या सत्रात कोड लिहिला त्याच सत्रात रिव्ह्यू मागू नका. त्या संभाषणात आधीच ठरलेलं असतं की हा कोड असाच का आहे, आणि तीच कारणं रिव्ह्यूत परत येतात. नवं सत्र उघडा, फक्त बदल आणि स्किल द्या. बदललेल्या ओळींबरोबर त्या फंक्शनला कुठून हाक मारली जाते तेही वाचायला सांगा. आमचा दैनिक अहवालातला बग नुसत्या डिफमध्ये दिसतच नव्हता, तारीख दुसऱ्या फाईलीतून येत होती.

स्किल सुधारलं हे कसं ओळखायचं

जुने बग पेरून. गिटमध्ये आमच्या पाच वाईट कमिट आहेत: पहाटेची तारीख, 12 टक्क्यांची हद्द, आधीच पूर्ण केलेला भाव, वऱ्हाडे, मराठी आकडे. स्किलमध्ये काही बदललं की त्या पाचही कमिटवर नव्या सत्रात तीन-तीनदा चालवतो आणि कोणता बग किती वेळा सापडला ते वहीत लिहितो. पहिल्या फेरीत पाचपैकी दोनच धड सापडले होते. सोबत एक चांगली कमिटही ठेवतो, जिच्यात बग नाही. तिच्यावर जर दहा सूचना आल्या तर स्किल पुन्हा गोंगाट करायला लागलं आहे. अशा सूचना चार दिवस वाचल्या की माणूस रिव्ह्यू वाचणंच सोडतो, आणि मग खरी सूचनाही त्यातच जाते. म्हणून स्किलमध्ये स्पष्ट लिहिलं आहे: पैसे, वजन, तारीख, ओळख किंवा सुरक्षितता यांना धक्का लागत नसेल तर लिहू नकोस.

या टेस्टसाठी खरी यादी वापरू नका. आधार क्रमांक आणि बँक खाती असलेली एक्सेल सोयीची असते, समोरच पडलेली असते, पण ती माणसं आपल्या भरवशावर माहिती देऊन गेली आहेत. आम्ही बनावट दीडशे नावं केली, दोन्ही प्रकारच्या ऱ्ह सकट. आणि दुसऱ्याने लिहिलेलं तयार स्किल उतरवून घेत असाल तर त्यातल्या स्क्रिप्ट आधी ओळ न ओळ वाचा. त्या तुमच्या मशीनवर तुमच्या अधिकाराने चालतात.

एक गोष्ट अजून अडलेली आहे. ओलाव्याचं मीटर 8.6 दाखवतं तेव्हा कपात किती धरायची, हे एका केंद्रावर एक सांगतात आणि दुसऱ्यावर दुसरं. सहाय्यकाने एकदा 9 धरून कोड लिहिला, एकदा 8.6 वर सरळ गुणाकार केला, आणि दोन्ही रिव्ह्यूत पास झाले. खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरकडून लेखी उत्तर मागितलं आहे. ते आलं की उदाहरणासकट नियमांच्या फाईलीत जाईल. तोवर त्या नियमापुढे लिहून ठेवलं आहे: "ठरलेलं नाही. अंदाज करू नकोस, आम्हाला विचार."